आतला झगा

राणीचं जे काय वाटोळं व्हायचं ते तिसऱ्या अंकात व्हायचं, पण त्याला इस्त्री ताई सकाळीच करून ठेवायची. राखाडी रंगाचा, गळ्यापासून पायापर्यंतचा एक पातळ झगा. छातीवर आणि मांडीवर रक्ताचे डाग. डाग अर्थात रंगाचे. धुऊन धुऊन ते फिकट झाले की ताई चष्मा पुसायची, बारीक कुंचला घ्यायची आणि वाळलेलं रक्त पुन्हा ताजं करायची. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाला रक्ताचं काही वाटेनासं होतं. ताईला आताशा कशाचंच फारसं वाटत नसे. गुडघे दुखायचे, तेवढं मात्र वाटायचं.

ताई खरं तर एकाच बाईची ताई. नाटकात राणी होणारी नटी ही तिची पाठची बहीण. तिला घरात जन्मापासून धाकटी म्हणत आले, आणि आता ती पन्नाशी ओलांडून गेली तरी ताईच्या लेखी धाकटीच. ती ताई म्हणते म्हणून दिग्दर्शकानं ताई म्हणायला सुरुवात केली, मग सुतारानं, मग दिवेवाल्यानं, आणि बघता बघता ती अख्ख्या कंपनीची ताई झाली. कंपनीचे कपडे तिच्या ताब्यात. तुटलेलं बटण, उसवलेली बाही, राजपुत्राच्या पोटाला न पुरणारा कंबरपट्टा, सगळं तिच्याकडे यायचं. राजपुत्र सतरा वर्षांचा होता. कंपनीत आला त्या दिवसापासून तो सतराच वर्षांचा होता. केसांचा टोप उतरवला की मात्र त्याचा स्वतःचा मुलगा कॉलेजात जात होता.

नाटक होतं एका राणीचं. ती जन्मली तेव्हा कुणा म्हाताऱ्यानं सांगून ठेवलेलं असतं की हिच्या हातानं वेशीचा अडसर निघेल आणि त्याच दिवशी हिचं घर बुडेल. राजा लढाईला जातो आणि जाताना बजावतो, काही झालं तरी दरवाजा उघडायचा नाही. तिसऱ्या अंकात दारावर थाप पडते. बाहेर तिचा जखमी मुलगा. त्याच्या मागे अंधारात शत्रू दबा धरून बसलाय हे प्रेक्षकांना ठाऊक असतं, आणि राणीलाही जवळजवळ ठाऊक असतं. इकडे आड, तिकडे विहीर. ती अडसर काढते. दिवे जातात, आरडाओरडा होतो, आणि उजेड परत येतो तेव्हा रक्तानं माखलेल्या झग्यात ती मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली असते.

यातली गोम अशी की नाटकाचा पडदा एकदा वर गेला की शेवटीच खाली यायचा आणि राणी तेवढा सगळा वेळ प्रेक्षकांसमोर असायची. मग कपडे बदलायचे कधी? त्यावरचा तोडगा ताईनंच काढला होता. राखाडी झगा आधीच अंगात घालायचा आणि त्यावर लाल जरीचा मोठा झगा. पाठीमागे एक दोरी. अंधारात दोरी ओढली की लाल झगा सुटून पायाशी पडायचा, दरवाजाआडून कुणीतरी तो खेचून घ्यायचं, आणि आतलं रक्त बाहेर यायचं. प्रेक्षकांना वाटायचं जादू झाली. जादू कसली, सगळी हुकांची करामत. आतला झगा अंगासरशी बसला नाही तर वरून फुगवटा दिसायचा, आणि फार आवळला तर धाकटीला श्वास पुरायचा नाही. ते हुक लावणं ताईशिवाय कुणाला जमायचं नाही, असं सगळे म्हणायचे. ताई जरा जास्तच म्हणायची. तिच्या हाताखाली दोन मुली येऊन गेल्या. एकीचा हात जड म्हणून आणि दुसरीची नखं लांब म्हणून ताईनं दोघींनाही वाटेला लावलं होतं.

त्या दिवशी प्रयोग दुपारचा होता आणि त्याआधी कॉलेजातली काही मुलं नाटक वाचून चर्चेला आली होती. चर्चा म्हटलं की मास्तरांना, म्हणजे दिग्दर्शकाला, भरतं यायचं. रंगमंचाच्या कडेला पाय सोडून ते बसले आणि विषय निघाला तोच, जो नेहमी निघायचा. शोकांतिकेतली माणसं नशिबाच्या हातातली बाहुली असतात, की आपल्या पायानं चालत खड्ड्यात जातात?

"समजा, तिनं दार उघडलंच नसतं तर?" एका मुलानं विचारलं.

"तर तुम्ही तासाभरात घरी गेला असता," मास्तर म्हणाले, आणि मुलं हसली.

ताई हातावर झगे टाकून विंगेतून चालली होती. चष्मा लावलेल्या एका मुलीचं लक्ष त्या राखाडी झग्याकडे गेलं. "हा कधी घालतात हो?"

"सुरुवातीलाच."

"म्हणजे पहिल्या अंकात ती एवढी खदाखदा हसते, तेव्हासुद्धा आत हाच असतो?"

"तेव्हासुद्धा."

मुलीनं झग्यावरच्या डागाला बोट लावून बघितलं. "मग काय, ती दार उघडणारच."

"उघडणारच," ताई म्हणाली आणि पुढे गेली. तिच्या मते तिथंच चर्चा संपली होती. ज्याच्या अंगात जो झगा घालून पाठवलाय तो शेवटी बाहेर येणारच. वर लाल घाला नाहीतर हिरवा. तिच्या स्वतःच्या अंगातला झगा तिच्या आईनं चढवला होता. मरताना आई म्हणाली होती, धाकटीला सोडू नकोस. मग नवरा गेला, लहानग्या लेकीला कपड्यांच्या ट्रंकांमध्ये झोपवून गावोगाव हिंडावं लागलं, लेक मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, आणि ताई ट्रंकांपाशीच राहिली. यात आपण काही ठरवलंय असं तिला कधी वाटलंच नाही. नशिबाचं एक बरं असतं, एकदा त्याच्यावर टेकलं की पाठ दुखत नाही.

पण गेले आठ-दहा दिवस लेक तिला नीट टेकू देत नव्हती.

लेकीचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलेलं. जावई चांगला होता, पण दूध उतू गेलं तरी हातपाय गाळणारा. चार वर्षांपूर्वी लेकीचं पहिलं बाळ गेलं होतं, जन्मताच. तेव्हा ताई तिच्याजवळ नव्हती. नाटकाचा प्रयोग होता, आणि त्यात गाडी चुकली. ती पोचली तेव्हा लेक भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि पाळणा माळ्यावर गेला होता. तेव्हा लेक काही बोलली नाही. या खेपेला ती स्वतः म्हणाली होती, आई, तू ये. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनी लांबच्या दौऱ्यावर निघायची होती, ती चार महिने परतायची नव्हती. लेकीकडची गाडीही सकाळचीच. दोन्हीकडे जाता येणार नव्हतं, आणि ताईनं कुठंच काही कळवलं नव्हतं.

प्रयोगाआधी ताई धाकटीला कपडे चढवायची तेव्हा त्या खोलीत कुणी बोलायचं नाही असा शिरस्ता होता. धाकटी डोळे मिटून, हात पसरून उभी राहायची आणि मनातल्या मनात संवाद म्हणायची. त्या दिवशी तिचा ताप नुकताच उतरला होता. जरी टोचू नये म्हणून ताईनं तिला आधी जाड सुती बंडी घातली, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. ताई एरवी अशा वेळी फोन घेत नसे. पण दिवस तसे नव्हते.

"आई, ठरलं का तुझं?"

"अगं, उद्या निघायचंय ना दौऱ्यावर," ताई कुजबुजली. "मावशीला कोण बांधणार? माझ्या हातात काय आहे, सांग बरं."

"तुझ्या एका हातात फोन आहे. दुसऱ्यात काय आहे ते तूच बघ."

"असं तोडून बोलू नये बाळा."

"मग कसं बोलू? आई, यायचं नसेल तर येत नाही म्हण. माझी मी बघीन. पण या वेळी ते नशिबावर ढकलू नकोस, मला ऐकवत नाही." आणि फोन बंद झाला.

ताईनं फोन उलटा ठेवला. पदरानं डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. बाहेरून कुणीतरी हाळी दिली, पाच मिनिटं राहिली. हातांना काम पाठ होतं, हात चालत राहिले. लाल झगा चढवला, खांद्यावर नीट बसवला, पाठीमागची दोरी एका झटक्यात सुटेल अशी बांधली. धाकटीनं डोळे उघडले, आरशात ताईकडे एकदा बघितलं आणि न बोलता चालू लागली.

दुसरा अंक अर्धा झाला असेल. ताई सुई-दोरा न्यायला खोलीत आली आणि दारातच थिजली. खुंटीवर राखाडी झगा लटकत होता. इस्त्री केलेला, डाग ताजे, जसाच्या तसा.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आधी तिला वाटलं हा दुसरा असेल. पण दुसरा नव्हताच, हे तिच्याइतकं कुणाला माहीत! इतक्या वर्षांत सुई हरवली असेल, मुकुट हरवला असेल, एकदा तर राजाच दारू पिऊन हरवला होता. पण आतला झगा राहिला असं कधी घडलं नव्हतं. आता अंधारात धाकटी दोरी ओढणार, लाल झगा पायाशी पडणार, दरवाजाआडचा माणूस तो खेचून नेणार, आणि उजेड येईल तेव्हा भरल्या नाट्यगृहासमोर राणी बंडीवर बसलेली असेल. लोक हसतील. धाकटीच्या अख्ख्या आयुष्याचं हसं होईल, आणि ते ताईच्या हातून.

झगा काखेत मारून ती विंगेत धावली. गुडघे दुखताहेत हे तिला आठवलंसुद्धा नाही. मास्तर प्रेक्षकांच्या मागच्या रांगेत बसलेले, तिथवर पोचायला बाहेरून अख्ख्या इमारतीला वळसा. धाकटी दिव्यांच्या झोतात, तिला हाक मारायची सोय नाही. उरला तो दरवाजा. सुतारानं केलेला तो उंच लाकडी दरवाजा रंगमंचाच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या मागच्या अंधारात राजपुत्र स्टुलावर बसून तोंडाला रक्त फासत होता.

"आत झगा नाहीये," ताई त्याच्या कानात म्हणाली.

"माझ्या?"

"तुझ्या नाही रे बाबा, राणीच्या! माझ्याकडेच राहिला. दोरी ओढली तर बंडीवर येईल ती."

राजपुत्राचा हात गालावरच थांबला. "मग मी थाप मारू की नको?"

"थाप मारायचीच आहे. मला जरा पुढे होऊ दे."

लाल झगा खेचून न्यायला जो माणूस तिथं उभा राहायचा त्याला तिनं हातानंच बाजूला केलं. दरवाजाच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. ताईनं फटीला डोळा लावला. हे नाटक ती जन्मभर बाजूनं बघत आली होती. दरवाजाच्या मागून, मुलगा जिथून थाप मारतो तिथून, तिनं ते कधीच बघितलं नव्हतं. पलीकडे लख्ख उजेड, आणि त्या उजेडात तिची धाकटी, म्हातारी होत चाललेली, रंगाखाली थकलेली, एकटी.

राजपुत्रानं थाप मारली. राणी दचकली. हळूहळू दरवाजाशी आली, नेहमीसारखी, आणि फळीला कान लावला. नाटकात ते होतंच. ताईनं फटीला ओठ लावले.

"धाकटे, आत झगा नाही. दोरी ओढू नकोस."

राणीच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तिनं कान काढला, एक पाऊल मागे सरकली आणि उभी राहिली. इथं तिचा संवाद होता. पाठ झालेला, सगळ्या कंपनीला पाठ. 'हा हात माझा नाही. मी जन्मायच्या आधीच कुणीतरी तो माझ्या खांद्याला लावून ठेवलाय.' असं म्हणून ती अडसर काढायची, आणि प्रेक्षकांत कुणीतरी हमखास नाक शिंकरायचं.

आज ती बोलेना.

राजपुत्रानं ताईकडे बघितलं. ताई फटीला चिकटलेली. राजपुत्रानं आपल्या मनानंच आणखी एक थाप मारली. "आई!"

या बाईच्या अंगात आज रक्त नाही, ताईला वाटलं. आज हिला उघडायलाच हवं असं काही नाही. आज ही मागे फिरेल, पायऱ्या चढून वर जाईल, दार बंद राहील, कुणी मरणार नाही. नाट्यगृहातल्या शेकडो माणसांत हे फक्त ताईला माहीत होतं, आणि तिला ते इतकं खरं वाटलं की ती चक्क पुटपुटली, "नको उघडूस. जा वर. जा."

राणीनं स्वतःचा उजवा हात वर केला. उलटा-पालटा करून बघितला. मग अगदी साध्या आवाजात, राणीच्या नव्हे, ताईनं स्वयंपाकघरात ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "हात माझाच आहे."

आणि तिनं अडसर काढला.

दिवे गेले. आरडाओरडा, ढोल, पळणारे पाय. अंधारात ताईच्या अंगावरून सैनिक धावत गेले. उजेड आला तेव्हा राणी लाल जरीच्या झग्यात बसली होती, पहिल्या अंकात हसताना घातलेल्या त्याच झग्यात, आणि मांडीवर राजपुत्राचं डोकं. लालावर रक्त दिसत नव्हतं. फक्त तिच्या तळहातांना लागलेलं दिसत होतं. ती ते हात बघत राहिली. कुणी नाक शिंकरलं नाही. पडदा पडला तरी बराच वेळ टाळ्याच वाजल्या नाहीत, आणि मग वाजल्या त्या थांबेनात.

ताई खोलीत जाऊन कपड्यांच्या ट्रंकेवर बसली. काखेत झगा तसाच. आता बोलणी खायची, आणि ती खाण्याची तिची तयारी होती. उलट तिला वाटत होतं, कुणीतरी चांगलं फैलावर घ्यावं.

पण मास्तर आले ते हात पसरून. "कुणाचं डोकं हे? तुमचं ना, ताई? अहो, इतकी वर्षं मी झक मारली! आधीपासून आत रक्त घालून पाठवत होतो बाईला!" त्यांना श्वास लागला होता. "आतला झगा बाद. उद्यापासून दौऱ्यात हेच." आणि कुणाचं उत्तर न ऐकता ते दुसऱ्या कुणाला तरी मिठी मारायला गेले.

धाकटी आरशापुढे बसून कापसानं रंग पुसत होती. अर्धा चेहरा राणीचा, अर्धा तिचा.

"चुकलं माझं," ताई म्हणाली. "फोन आला, आणि हातातनं राहूनच गेलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"झगा राहिला ते. इथंच कळलं होतं मला, या खोलीत." धाकटीनं दुसरा कापूस घेतला. "माझंच अंग आहे ते, ताई. घातलंय की नाही एवढं मला कळत नसेल होय?"

ताई ट्रंकेवरून उठली. "मग बोलली का नाहीस?"

"तू रडत होतीस. आणि म्हटलं, बघू तरी एकदा, आत काही नसताना ही बाई काय करते."

"काय केलं? तेच तर केलंस."

"तेच केलं," धाकटी थकून म्हणाली. "दुसरं करता आलं नाही मला. मुलगा बाहेर होता गं. पण आज ते मी केलं. रोज ते होत होतं."

बाहेर सुतार दरवाजा खिळखिळा करून उतरवत होता. ताईनं झग्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"लाल झगा चढवायला तरी मी लागेनच," ती म्हणाली.

"एक दोरी आहे त्याला. राजपुत्रसुद्धा बांधेल."

"म्हणजे मी आता नको झाले."

"नको झाली नाहीस. लागत नाहीस. वेगळं असतं ते." धाकटी वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात दमलेल्या माणसाचा स्पष्टपणा होता. "आईनं तुला सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता माझी नऊ औषधं चालू आहेत. कुठवर सांभाळणार? उद्या लेकीकडे जा."

"तू म्हणतेस म्हणून..."

"हे बघ, झालं सुरू! मी म्हणते म्हणून नाही. मी तर गेल्या वेळीही म्हटलं होतं. तुझी बॅग मी भरली होती. राखाडी झगा त्या दिवशी मी पिना लावून घातला, धड बसलाही नव्हता, तरी प्रयोग झाला. आणि संध्याकाळी तू स्टेशनवरून परत आलीस."

"गाडी चुकली होती."

धाकटी आरशातून तिच्याकडे बघत राहिली.

"चुकली होती गाडी," ताई पुन्हा म्हणाली, पण या वेळी तो संवाद तिच्या तोंडात बसला नाही.

गाडी चुकली नव्हती. ताई वेळेआधी पोचली होती. गाडी आली, फलाटावर उभी राहिली, लोक चढले, उतरले. ताई बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसून होती. डब्याचं दार तिच्या समोरच होतं. शिट्टी झाली, डबे हलले, शेवटचा डबा गेला, आणि मग ती उठली. परत येताना वाटेत कुठंतरी तिनं 'गाडी चुकली' हे वाक्य तयार केलं, आणि इतक्यांदा म्हटलं की ते घडल्यासारखंच झालं. चार वर्षं ती त्या वाक्याला इस्त्री करत आली होती.

धाकटी तोंड धुवायला गेली. खोलीत खिडकीतून उतरत्या दुपारचं ऊन आलं होतं आणि त्यात पावडरची धूळ तरंगत होती. ताईला फार दमल्यासारखं झालं. मोकळं वाटायला हवं होतं खरं तर. तसं काही वाटत नव्हतं. सबब हातातून गेली की माणूस उघडा पडतो, तसं वाटत होतं. तिनं फोन सुलटा केला आणि लेकीचा नंबर लावला.

"बोल," लेक म्हणाली.

"मी येतेय. उद्याच्या सकाळच्या गाडीनं."

लेकीनं सावधपणे विचारलं, "मावशीनं सोडलं?"

हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. किती सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही.

"मावशीनं धरलंच नव्हतं," ताई म्हणाली. "आता नाही, आणि गेल्या वेळीही नाही. गेल्या वेळी गाडी चुकली नव्हती. मी फलाटावर बसून होते. माझ्यासमोरून गेली गाडी, आणि मी चढले नाही."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. आता ही फोन ठेवणार, ताईला वाटलं, आणि ठेवला तर ते बरोबरच आहे.

"माहीत आहे मला," लेक म्हणाली. "मावशीनं तेव्हाच ओळखून मला सांगितलं होतं."

"मग तू... चार वर्षं काही बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते." लेकीनं कूस बदलल्याचा आवाज आला. "का नाही चढलीस, आई?"

ताईनं मांडीवरच्या झग्याकडे बघितलं. "भीती वाटली. इथं कोण कधी मरणार ते मला रोज माहीत असतं. आणि मेलेला उठून चहा मागतो. तिथं तुझ्याजवळ बसून काय होईल ते माहीत नव्हतं. बघवलं नसतं मला."

"आता वाटतेय भीती?"

"हो."

"मलाही वाटतेय," लेक म्हणाली, आणि मग दोघी जराशा रडल्या, फोन कानाला तसाच धरून, एकमेकींना न सांगता.

मग लेकीनं नाक ओढलं. "येताना जाड शाल आण. इथं रात्री गार होतं."

"आणते."

"आणि आई, निघालीस की फोन कर."

"स्टेशनवर पोचले की लगेच करते."

"फलाटावरून नको," लेक म्हणाली. "गाडीत बसून कर. गाडी हलल्यावर."